मधली हवा

सगुण मेथरांना दीपगृहाचा फोटो हवा होता,
भिंतीवर लावायला, मोठा.
"पण तो दिसाक व्हयो हां, बाय. नुसतो दर्या नको,
दर्या घरातसून फुकट दिसता."

फाल्गुन सरत आलेला.
निवतीच्या किल्ल्यावर ट्रायपॉड रोवला
आणि पाहिलं, तर समोर पातळ ताक.
त्यात खडकांची एक रेघ,
आणि रेघेवर दीपगृह असावं
अशी नुसती जागा.

धुकं नव्हे हे. धुकं उन्हाने उठतं,
हे उन्हाबरोबर वाढत जातं.
लाटांनी उडवलेलं मीठ आहे यात,
भाजावळीचा धूर, चिरेखाणीची तांबडी पूड,
आणि काजूबोंडांचा आंबूस वास.
वास फोटोत येत नाही म्हणतात.
मला वाटतं, आड मात्र येतो.

पहिल्या दिवशी दुपारी गेले, ही चूक.
दुसऱ्या दिवशी लेन्सची काच पुसली:
अर्धं धुरकट तिथेच बसलं होतं,
नाकासमोर, खारट.

मग पोलरायझर.
पण सकाळी सूर्य पाठीमागे,
तेव्हा तो नुसता काळा चष्मा.
सूर्य डोक्यावर आला की कामाला येतो,
तोवर हवा पिकून पांढरी.
संध्याकाळचं तर नावच नको,
सगळं सोनं होतं आणि काहीच दिसत नाही.

बाबा लाल फिल्टर लावायचे,
रोल कृष्णधवल.
आकाश काळंकुट्ट, शिडं पांढरीफेक,
साध्या मंगळवारी दर्यावर वादळ आणायचे.
गिऱ्हाइकं खूश असायची.

सहाव्या रात्री मतलई जोरात सुटली.
पहाटे गेले. सूर्य माझ्या पाठीवरून
थेट खडकांवर पडला
आणि अगदी थोडा वेळ
मधली हवा बाजूला झाली,
लग्नात वाट देतात तशी.
वीस फ्रेम घेतल्या. एकविसावीत एक पडाव आला,
तेवढ्यात पुन्हा ताक.

घरी येऊन विसांची एक केली.
निळेपणा उतरवला, काळ्याला काळं केलं,
मग धुरकं काढायची ती पट्टी
सरकवत नेली उजवीकडे, उजवीकडे.
मनोरा उभा राहिला. गच्चीचा कठडा आला.
एक खिडकी आली!
खडक कोळशाचे झाले,
आकाशात रवा सांडला,
आणि मनोऱ्याभोवती पांढरं वलय,
कॅलेंडरातल्या देवाला असतं तसं.
मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू.

सगुण मेथर जाळ्याचं भोक सांधत होते.
सुई तोंडात धरून बघत राहिले.
"ह्यो खयचो?"
आपलाच, म्हटलं.
"इतको लागी असतो तर मी पोहान गेलो असतंय.
होडी कित्याक व्हयी होती?"

मग माझ्या स्वच्छ समुद्रावर
त्यांनी तळवा ठेवला.
इथे दोन तास.
इथे पाण्याची पिंपं घेऊन मागे फिरलो, दोनदा.
इथे आलं की धाकटा भाऊ ओकायचा, नेमाने.
इथून दिवा दिसेनासा व्हायचा
आणि कान लावून जायचं, खडकावर फुटणाऱ्या पाण्याकडे.
एकवीस वर्षं रेशन पोचवलं,
रॉकेल, टपाल, एकदा एक मांजर.
"ता सगळा खय गेला?"

पुसलं, मी म्हणाले नाही.

रात्री पट्टी डावीकडे घेत बसले.
किती, ते ठरेना.
थोडं नेलं की खिडकी जायची,
अजून थोडं, की कठडा.
अर्धा दर्या परत आला, मग पाऊण.
मनोरा पेन्सिलीच्या रेघेइतका उरला
तिथे थांबले, कारण तिथे
माझेच डोळे आपोआप बारीक झाले.

दुसरी प्रिंट त्यांनी हातभर लांब धरली,
मान किंचित तिरकी,
पायांत अंतर घेऊन,
जमीन हलत असल्यासारखे उभे.
"हां," म्हणाले. "आता दिसता."

बिल दोन्ही प्रिंटांचं लावलं होतं.
त्यांनी एकीचेच पैसे दिले.